शिरूरचा मामा बोलतोय

ओव्हाळ मामा माझा फोन उचलत नाहीत. चार महिने झाले. रिंग पूर्ण वाजते, मग ती बाई सांगते की आपण ज्यांना फोन करताय ते उत्तर देत नाहीत, आणि मी फोन टेबलावर आपटते. मला राग येतो. नुसता येत नाही, डोक्यात जातो. ज्या माणसानं आख्ख्या शिरूर तालुक्याला आणि अर्ध्या दौंडला 'फोन उचलत जा रे बाबांनो' म्हणून पिडलं, तोच आता फोन उचलत नाही, याला काय म्हणायचं?

कारण मला ठाऊक आहे. भांडगावचा संदीप आणि त्याचे राहिलेले दोन पेपर, एवढंच कारण आहे. पण ते सांगायचं तर आधी मामा सांगायला हवेत.

आमचं मदत केंद्र शिरूरला, बियाण्यांच्या दुकानावर, दोन खोल्यांत. कॉलेज ऑनलाइन. वर्ग नाही, फळा नाही, घंटा नाही. नोकरी करणारी, लेकराबाळांची, कधीतरी शाळा-कॉलेज सुटलेली माणसं मोबाईलवर धडे ऐकतात, मोबाईलवरच गृहपाठ पाठवतात आणि परीक्षेला तेवढी कुठल्यातरी खऱ्या इमारतीत येऊन बसतात. मी तिथं प्रवेशाचं काम बघते. माहेर दौंडचं, सासर शिरूरचं, त्यामुळं दोन्हीकडची आडनावं आणि भांडणं मला तोंडपाठ.

मामा आमच्याकडं आले ते 'विद्यार्थी सल्लागार' म्हणून. वय पंचावन्नच्या पुढं, उंच, सावळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि पायात कंपनीत मिळालेले सेफ्टी शूज. कंपनी सुटली होती, बूट सुटले नव्हते. रांजणगावच्या एका कारखान्यात ते टाइम ऑफिसला होते. कोण कितीला आत आला, कितीला बाहेर पडला, कोणाची कुठली पाळी, कोणाचे खाडे किती, हे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मशिनींच्या आवाजावर ओरडायची सवय, म्हणून फोनवर बोलले की खालच्या दुकानदारालाही सगळं कळायचं. तो बिचारा जिन्यातून वर येऊन विचारायचा, "आज कोण नापास झालं?"

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "सर, हे तुमचं टेबल."

"सर नका म्हणू ताई. सर म्हटलं की लोक खरं सांगत न्हाईत."

आता सल्लागाराचं काम म्हणजे मला वाटलेलं, कुणी अडचण घेऊन आला की त्याला सल्ला द्यायचा. मामा म्हणाले, अडचण घेऊन येतोय तो शहाणाच, त्याला आपली गरज न्हाई. जो येत न्हाई त्याच्यामागं जायाचं. रोज सकाळी ते माझ्याकडून एक यादी छापून घ्यायचे. कोणी किती दिवसांत कॉलेजची साइट उघडलेली नाही, त्याची. त्यात दहा दिवसांच्या पुढच्या नावांवर लाल खूण करायचे.

"दहाच का? पंधरा का नाही?" मी एकदा विचारलं.

"दहा दिवस उघडलं न्हाई म्हंजी गडी गळाय लागला. पंधरा दिवस झाले की त्याला कारण सापडतं. महिना झाला की लाज वाटाय लागती. आन् एकदा लाज वाटली की मंग तो तुमचा फोन उचलत न्हाई, तुमी देव आसा न्हाईतर सायेब."

हे सगळं इतकं ठामपणे सांगायचे की मला वाटलं कुठंतरी ट्रेनिंग झालंय. कसलं ट्रेनिंग! एका गुरुवारी, कंपन्यांची सुट्टी म्हणून फोनची गर्दी होती, उशिरा जेवायला बसलो तेव्हा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "चोराच्या वाटा चोरालाच ठावं, ताई. मी बी तीनदा नाव घातलं बी.ए.ला. तीनदा गळालो. एकदा पोरगी आजारी व्हती, एकदा डबल पाळ्या, आन् तिसऱ्यांदा तर काय कारण व्हतं मलाच आठवत न्हाई. एकदा जरी कुनी फोन करून म्हनलं आसतं ना, की ओव्हाळ, कुठंय रे बाबा, तर म्या गेलो आसतो."

"तुम्हीच करायचा की फोन."

"तेच तर. गळालेला मानूस फोन करत न्हाई."

कॉलेज हा शब्द ते कसा उच्चारायचे, ते ऐकायला हवं होतं. नंबर फिरवायचा, छाती पुढं काढायची आणि समोरच्यानं 'हॅलो' म्हणायच्या आत, "मी कॉलेजातून ओव्हाळ बोलतोय! जेवण झालं का?" जेवणानंतर पाळी विचारायची, पाळीनंतर पाऊसपाणी, लेकरं, गुडघे. अभ्यासाचं नाव शेवटी, दारातून निघताना काढावं तसं. वरच्या ऑफिसनं बोलायला एक छापील कागद पाठवला होता, 'नमस्कार, आपल्या शैक्षणिक प्रगतीबाबत' वगैरे. त्या कागदानं मामा वारा घ्यायचे.

आणि त्यांची ती वही! लांबट, टाइम ऑफिसला असते तशी. त्यात विद्यार्थ्यांच्या मार्कांचा पत्ता नाही. कोणाची या आठवड्यात पहिली पाळी, कोणाची तिसरी, कोणाची कंपनीची बस कितीला कुठल्या फाट्यावर येते, कोण कितीला म्हशींच्या धारेला बसतं, कोणाच्या घरात फोन एकच आणि तो कोणाकडं असतो. मी चेष्टा करायचे, "मामा, तुम्ही सल्लागार आहात की एस.टी.चे कंट्रोलर?" ते हसायचे नाहीत. म्हणायचे, "तिसरी पाळी करून झोपलेल्या मानसाला सकाळी धाला फोन केला तर तो शिकंल का शिव्या दील?"

मामा हे नाव पडलं मांडवगण फराट्याच्या सविताच्या सासूमुळं. सविता अंगणवाडीत मदतनीस, दोन मुलं, बी.ए.चं दुसरं वर्ष. बारा दिवस तिचं नाव लाल. मामांनी फोन लावला तर उचलला सासूनं. घरात फोन एक, आणि तो म्हातारीच्या ताब्यात, कारण तिला कीर्तनं बघायची असतात.

"मी कॉलेजातून ओव्हाळ बोलतोय."

"कोन ओव्हाळ?"

"शिरूरचे. जयभीमवाले." हे ते नेहमी आपणहून सांगून टाकायचे. मी एकदा म्हटलं, कशाला मामा, कोण विचारतंय? तर म्हणाले, विचारत न्हाईत पर मनात घोळवत बसतात. त्यांचा वेळ वाचवायचा आन् आपला बी.

मी समोर बसून ऐकत होते. मग म्हातारीनं विचारलं, "मंग काय काम हाय?"

काम मामांनी सांगितलंच नाही. वीस मिनिटं ते ऊस, कांदा आणि म्हातारीची कंबर यांवर बोलले. कीर्तनाला बसलं की कंबर धरते, मधे तासभर उठून फिरलं पाहिजे, हे त्यांनी तिच्याकडूनच वदवून घेतलं. मग म्हणाले, "तर त्यो तासभर फोन सविताकडं द्या. दुपारी एक ते दोन. तुमी फिरा, ती शिकंल. कंबर बी मोकळी, सून बी मोकळी." आणि म्हातारीनं तिथूनच हाक मारली, ती आम्ही शिरूरला ऐकली. "आगं ए सविते, तुज्या मामाचा फोन हाय!"

सविता पास झाली. पेढे घेऊन सासूच आली, जिना चढताना कंबरेवर हात ठेवून मामांना शिव्या देत. त्या दिवसापासून ओव्हाळांचे मामा झाले, विद्यार्थ्यांचे, माझे, खालच्या दुकानदाराचेसुद्धा.

अशी किती माणसं त्यांनी ओढून आणली. एकाला तर कंपनीच्या बस स्टॉपवर जाऊन गाठलं, पहिली पाळी सुटल्यावर, आणि बस येईपर्यंत रस्त्याकडेला उभ्या उभ्या त्याच्याकडून गृहपाठाचे फोटो पाठवून घेतले. मी घरी गेले की नवऱ्याला मामांचे किस्से सांगायचे. नवरा म्हणायचा, तुला पगार त्या मामांचे किस्से सांगायचाच मिळतो वाटतं.

मग संदीप.

संदीप भांडगावचा, तिशीच्या आतला. आई एकटी गावाला, हा रांजणगावला खोली करून राहायचा. शांत, डोळ्यात डोळे घालून न बोलणारा. त्याचे शेवटच्या वर्षाचे दोन पेपर तेवढे राहिले होते. तो चार वर्षं मशीनवर उभा राहिलेला, कंत्राटी. मग कंपनीनं त्याला क्वालिटीत घेतलं. बसून तपासायचं काम, पांढरा कोट, आणि पुढं कायम व्हायची आशा. पण क्वालिटीला पदवीधरच लागतात. संदीपनं तिथं सांगितलं, डिग्री झालीय, सर्टिफिकेट यायचंय.

खोटं? खोटंच. पण दोन पेपरांचं खोटं. आमच्या कोणाच्या पोटात त्याहून मोठं नाही, असं कुणी म्हणून दाखवावं.

हे खोटं आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच ठाऊक की परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आहे, संध्याकाळी सहाला साइट बंद होणार, आणि संदीपचं नाव तेरा दिवस लाल. मामांनी सकाळपासून चार फोन केले. तो उचलेना. तिसरी पाळी करून झोपला असेल, असं आम्हाला वाटलं. दुपारी चार वाजता मामांनी वही काढली आणि कपाळावर हात मारला.

"दुसरी पाळी! तीनलाच आत गेला आसंल. फोन लॉकरला."

मी म्हटलं, "मग राहू दे मामा. पुढच्या खेपेला भरेल."

"पुढची खेप म्हंजी गळाला." आणि मग त्यांच्या डोळ्यांत चमक आली. ती चमक मला अजून दिसते. "लाइनवरल्या सुपरवायझरला फोन आत न्यायची मुभा आसती, ताई! टाइम ऑफिसला व्हतो मी. फॉर्मवर दुसरा नंबर कुनाचा हाय बगा बरं."

मी बघितला. मीच बघितला. प्रवेशाच्या वेळी संदीपनं खोलीतल्या मित्राचा, गणेशचा नंबर दिलेला. तेव्हा गणेश ऑपरेटर होता, आता त्याच कंपनीत लाइनचा सुपरवायझर झालेला. मामांना हेही ठाऊक होतं, वहीत लिहिलेलं होतं. किती खूश झाले! लॉकर, गेट, पाळी, सगळ्यातून वाट काढली होती गड्यानं.

गणेशनं फोन उचलला. मागं मशिनींचा धडाका. ऐकू येईना म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

"मी कॉलेजातून ओव्हाळ बोलतोय!" मामा उभे राहून ओरडले. "संदीपला सांगा, बी.ए.चे दोन पेपर राहिलेत! आज फॉर्म न्हाई भरला तर वरीस वाया जाईल!"

पलीकडं कोणाचातरी वेगळाच आवाज. "कोणता संदीप?"

आणि मामा, आनंदानं, मदत मिळाली म्हणून, आणखी मोठ्यानं, "आपला भांडगावचा! क्वालिटीत हाय त्यो!"

तो वेगळा आवाज कंपनीच्या माणसं भरणाऱ्या साहेबांचा होता. ते गणेशशेजारी हजेरी तपासत उभे होते.

दुसऱ्या दिवशी संदीपनं गेटवर कार्ड लावलं तर दिवा हिरवा झाला नाही. तीन वेळा लावलं म्हणे. वॉचमन म्हणाला, बाजूला व्हा, मागं लाइन हाय.

तो आमच्याकडं आला दुपारी. त्याआधी गणेशचा फोन येऊन गेला होता, म्हणून आम्हाला सगळं कळलेलं. मी दारातच ताठ झाले, म्हटलं आता हा मामांची कॉलर धरणार. धरली असती तर मी सोडवायला गेले नसते. पण तो खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, कार्ड कसं लागलं नाही ते सांगितलं. मामा उभेच. बोलले ते इतकं हळू की खालच्या दुकानदाराला काही कळलं नसणार.

"संदीप, मला ठावं न्हवतं रे."

"तुमी काय मुद्दाम केलं व्हय मामा?" एवढं म्हणून तो उठला. जाताना ग्लास विसळून ठेवला.

त्यानं एक शिवी घातली असती तर मामा सुटले असते. माफ करून त्यानं मामांना अडकवलं, असं मला वाटतं. मनात ठेवून केलं असं नाही. संदीप तसा नाहीच. पण झालं तसं.

त्या दिवसापासून मामा फोनवर कॉलेजचं नाव घेईनासे झाले. आवाजही खाली आला. "मी शिरूरचा मामा बोलतोय," असं म्हणायचे, आणि थांबायचे. पलीकडं कोण आहे, कुणाच्या हातात फोन आहे, शेजारी कोण उभं आहे, सगळं चाचपून मग पुढं. कुणी विचारलंच, कुठले मामा, तर म्हणायचे, नात्यातलेच. वरच्या ऑफिसला ते आवडेना. कॉलेजचं नाव घेतलंच पाहिजे असा निरोप आला. मी तो मामांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकला आणि पुढचा नंबर फिरवला.

आणि दर दहाव्या दिवशी संदीप. चुकायचं नाही. "मी शिरूरचा मामा बोलतोय. जेवण झालं का?" तो उचलायचा. व्हय मामा. बघतो मामा. पुढच्या खेपेला नक्की मामा. तो आता दुसऱ्याचा टेम्पो चालवत होता, पहाटे भाजीपाला घेऊन पुण्याला, दुपारी परत. नाव घातल्यापासून सहा वर्षांत पदवी पुरी करायची, असा आमच्याकडं नियम. संदीपची सहा वर्षं यंदाच्या परीक्षेला संपत होती. यंदा नाही बसला तर मागचे सगळे पास झालेले पेपरही गेले. मामांच्या वहीत त्या परीक्षेच्या महिन्याभोवती लाल गोल होता आणि तो गिरवून गिरवून कागद फाटायला आलेला.

एकदा मी माहेरी निघाले होते तर मामा म्हणाले, चौफुल्यापर्यंत मी बी येतो, तिथून भांडगाव जवळच हाय. मीही उतरले, का कोण जाणे. संदीपच्या घरासमोर टेम्पो उभा, तो आत झोपलेला. आईनं आम्हाला बसवलं, चहा टाकला. बोलता बोलता मामांना म्हणाली, "तुमी येवढं उन्हातानाचं येता आमच्या पोरासाटी. तुमचं काय लागतं त्ये कळंना मला. त्याला कुनीतरी फोन करून कामावरनं घालवलं बगा. कुनाचं वाटूळं करून काय मिळतं मानसाला?"

तिला ठाऊकच नव्हतं! संदीपनं सांगितलंच नव्हतं कोणी फोन केला ते. मामांच्या हातात कप होता, तो त्यांनी खाली ठेवला. मला कळलं, आता हे सांगणार. त्यांनी तोंड उघडलं, "मावशे, त्यो फोन..."

"आई," आतून संदीप आला, डोळे चोळत, "मामांना जायाचंय. एस.टी. चुकंल त्यांची."

एस.टी. बिस्टी काही नव्हती. फाट्यावर आम्ही कितीतरी वेळ उभे होतो. मी बडबडत होते, काहीबाही, कारण मला गप्प बसवत नाही. मामा बुटांकडं बघत होते.

परीक्षेच्या आधी दोन महिने वरच्या ऑफिसनं नवी यंत्रणा आणली. आता कोणी दहा दिवस साइट उघडली नाही की मशीनच मेसेज पाठवतं. 'प्रिय विद्यार्थी, आम्हाला तुमची आठवण येते.' खोटं बोलत असेन तर माझी जीभ झडो, हेच शब्द. मशीनला आठवण येते! सविताची सासू कीर्तन लावून बसलेली असताना तो मेसेज येणार आणि ती तो बोटानं ढकलून देणार. मी वर फोन करून हे सांगितलं. पलीकडची मुलगी गोड होती, म्हणाली, मॅडम, तुमचा मुद्दा नोंदवून घेतलाय.

मामांची गरज उरली नाही. त्यांना तसं सांगायचं काम माझ्याकडं आलं, आणि मी ते केलं. भांडले नाही, राजीनामा फेकला नाही, कागद पुढं सरकवला आणि सही घेतली. घरात हप्ते आहेत, मुलगी बारावीला आहे, मी काय करणार होते? मामांनी सही केली, वही माझ्या टेबलावर ठेवली. "गुरुवारी फोन जास्ती लागतात," एवढं सांगितलं. त्या वहीचं मला एक पानही धड चालवता आलं नाही. कोणाची पाळी कधी बदलते ते मला कोण सांगणार?

पण संदीपचा फॉर्म त्यांनी भरला. कामावर नसताना, दारात उभं राहून, माझ्या कॉम्प्युटरवर मला सांगत सांगत. संदीपला फोन लावला, त्याच्या मोबाईलवर आलेले आकडे त्यानं एकेक करून सांगितले. "येतोस ना रे?" "येतो मामा." या वेळी 'बघतो' म्हणाला नाही. मामांनी हॉल तिकीट छापून घेतलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवीची घडी करून वरच्या खिशात, पेनांच्या मागं ठेवलं.

परीक्षा दौंडला होती. मला केंद्रावर ड्यूटी, म्हणून मी आदल्या दिवशी माहेरी गेलेले. सकाळी साडेनऊला पोचले तर मामा गेटच्या बाहेर उभे. पांढरा शर्ट, बूट पुसलेले. ते आता कोणी नव्हते, त्यामुळं आत येऊ शकत नव्हते. मी म्हटलं, मामा, मी सांगते वॉचमनला. नको म्हणाले. "तुमच्यावर बोल यील."

दहाला पेपर सुरू झाला. साडेदहापर्यंत उशिरा आलेल्यांना घ्यायचं, नंतर गेट बंद, असा नियम. दहा वाजून पाच मिनिटांनी समोर रसवंतीच्या सावलीत एक टेम्पो येऊन थांबला. संदीप. मी हात केला. मामांनी खिशातून पिशवी काढली. तो उतरेल म्हणून आम्ही बघत राहिलो, आणि तो उतरेना. स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, समोर बघत. मामा थोडा वेळ थांबले, मग रस्ता ओलांडून गेले. मला वाटलं, ओढून आणतील. आणायचे की बाकीच्यांना! मामा दुसऱ्या बाजूनं टेम्पोत चढले आणि त्याच्या शेजारी बसले. दार ओढून घेतलं.

सव्वादहा झाले. दहा वीस. मी आत-बाहेर करत होते, घड्याळ बघत होते, मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घालत होते. ते दोघं तिथं बसलेले, बोलताना दिसत नव्हते. साडेदहाला केंद्रप्रमुख म्हणाले, मॅडम, गेट. वॉचमन पाणी आणायला गेला होता. गेट मीच लावलं. कडी घातली. पाच मिनिटं मी उशीर करू शकले असते. ते मला आता सुचतं.

मग मी छोट्या दारातून बाहेर पडले आणि तरातरा रस्ता ओलांडला.

"अरे मेल्या, आलास ना इथपर्यंत? वीस पावलं! वीस पावलं होती फक्त! या म्हाताऱ्याच्या जिवाचं काय केलंस बघ जरा!"

संदीपनं मान खाली घातली. "पाय उतरंना ताई. लई केलं, उतरंना." मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पास झालो आसतो तर कळलं आसतं ना, की नोकरी टिकवायला दोन पेपरचंच काम व्हतं. त्ये आता न्हाई सोसायचं मला."

मी मामांकडं बघितलं, ते काहीतरी बोलतील म्हणून. मामांच्या मांडीवर ती प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यावर त्यांनी दोन्ही हात पालथे ठेवले होते. दहा दिवस, पंधरा दिवस, महिना, यातलं त्यांना आता काही सांगायचं नव्हतं. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. लाज वाटलेला माणूस कसा बसतो, ते त्यांनीच मला कितीदा सांगितलं होतं.

संदीपनं गाडी सुरू केली. मग इंजिनच्या आवाजावर, पण हळू, त्यानं विचारलं, "मामा, जेवण झालं का?"

मामांनी मान हलवली. न्हाई.

"चला मंग. आईनं भाकऱ्या केल्यात."

टेम्पो वळला आणि पाटसच्या रस्त्यानं भांडगावकडं गेला. मी आत येऊन त्याच्या नंबरापुढं गैरहजर लिहिलं.